बारा अंकी कॅल्क्युलेटर आणि १४२८५७

गोखले रोडवरच्या एका स्टेशनरीच्या दुकानातून मी गेल्या महिन्यात टेबलावर ठेवायचा बारा अंकी कॅल्क्युलेटर घेतला. घरात दहा अंकी सायंटिफिक कॅल्क्युलेटर असताना हा दुसरा कशासाठी, असे दुकानदारांनीही विचारले. त्याचे उत्तर १४२८५७ या संख्येत आहे आणि हा अभिप्रायही मी तिच्याच कसोटीवर लिहीत आहे.

१ ला ७ ने भागले की दशांशचिन्हापुढे हेच सहा अंक पुन्हा पुन्हा येतात. या संख्येची दुप्पट २८५७१४, तिप्पट ४२८५७१. सहापटीपर्यंत तेच अंक त्याच क्रमाने फिरत राहतात आणि सातपटीला एकदम ९९९९९९ उभे राहतात. या यंत्रात संख्या टाकून गुणाकाराचे बटण दोनदा दाबले की ती धरून ठेवली जाते; मग २ आणि बरोबर, ३ आणि बरोबर एवढेच दाबत गेले तरी अंकांची ही फेरी डोळ्यांसमोर पूर्ण होते.

खरी परीक्षा मात्र वर्गाची. तो २०४०८१२२४४९ असा अकरा अंकी आहे. दहा अंकी यंत्र त्याचे उत्तर घातांकाच्या रूपात देते आणि शेवटचा ९ वरच्या अंकात जिरून जातो. इथे तो पुरता दिसतो. उजवीकडचे सहा अंक तोडून १२२४४९ मध्ये उरलेले २०४०८ मिळवावेत, की पुन्हा १४२८५७! हा गुण असलेल्या संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. पुढे देवळालीच्या शाळेत शिकवता शिकवता अंकांचा ध्यास घेतलेल्या द. रा. कापरेकरांचे शालेय शिक्षण आमच्या ठाण्यातच झाले, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पडद्यावरचे स्वल्पविराम लाख-कोटींचे नसून दर तीन अंकांनंतर येतात. दुकानाचा हिशेब करणाऱ्याला ते खटकतील, पण सहा अंक कुठे तोडायचे हे उजवीकडून दुसरा स्वल्पविराम आपोआप दाखवतो, म्हणून मला ते सोयीचेच वाटले. दोष सांगायचा तर पडदा समोरूनच नीट दिसतो, शेजारी बसलेल्याला अंक फिके भासतात. त्यामुळे भाचीला दाखवताना यंत्र दर वेळी तिच्याकडे वळवावे लागले. शून्याला चिकटून असलेले दुहेरी शून्याचे बटणही सुरुवातीला चुकून दाबले जाते.

भाचीला सर्वांत आवडला तो वारांचा खेळ. १४२८५७ ला ३६५ ने गुणले की ५२१४२८०५ येतात. डावीकडचे ५२ म्हणजे वर्षातले पूर्ण आठवडे, आणि ५२ व १४२८०५ यांची बेरीज मूळ संख्येची एकपट, म्हणजे उरलेला एक दिवस. लीप वर्षाच्या ३६६ दिवसांना हीच बेरीज २८५७१४, म्हणजे दुप्पट होते. त्या दिवशी भाचीच्या जन्माला ४१०० दिवस झाले होते. गुणाकार ५८५७१३७०० आला, तिने ५८५ आणि ७१३७०० यांची बेरीज वहीत मांडली, ७१४२८५ पाहून ती पाचपट असल्याचे ओळखले आणि आपल्या जन्मवारापासून, मंगळवारपासून, बोटांवर पाच वार पुढे मोजले. रविवार आला, आणि तो रविवारच होता.