नोंदलेला गुन्हा आणि सोसलेला गुन्हा

आपल्याकडे गुन्हेगारीचे आकडे पोलीस ठाण्यातल्या एफआयआरवरून बनतात. १९८६ मध्ये स्थापन झालेली एनसीआरबी (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) ही केंद्र सरकारची संस्था ते एकत्र करते आणि एका एफआयआरमध्ये अनेक कलमे असली तरी सर्वांत गंभीर गुन्हाच मोजते. दादरला गर्दीत लोकल पकडताना खिशातून गेलेला मोबाइल ‘गहाळ’ म्हणून नोंदवला गेला, तर या आकड्यांत ती चोरी ठरतच नाही. इंग्लंड-वेल्समध्ये पोलिसांच्या नोंदींच्या जोडीला १९८२ मध्ये सुरू झालेले सर्वेक्षण आहे, ज्यात तक्रार केलेली असो वा नसो, गेल्या बारा महिन्यांत काय सोसले हे लोकांनाच विचारतात. खून झालेला माणूस अर्थातच उत्तर देऊ शकत नाही, त्यामुळे तिथे पोलिसांचीच नोंद भरवशाची; मोबाइलचोरीसाठी मात्र मला सर्वेक्षणच अधिक पटते.