लांब मानेवाल्यांचा पार्क: 'जुरासिक वर्ल्ड इव्होल्यूशन २' बरेच महिने खेळल्यावर

डायनासोरांचा पार्क उभारून चालवायच्या या गेमचे व्हिडिओ बघाल तर जिकडेतिकडे टी-रेक्स. माझ्या पार्कात मांसाहारी नावापुरते आहेत. पैसा आणि जागा सगळी जाते ब्रॅकिओसॉरस, डिप्लोडोकस आणि ड्रेडनॉटस या लांब मानेच्या शाकाहारी मंडळींवर. एवढे महिने खेळून माझं मत झालंय की हे प्राणी सांभाळायला सोपे, पण त्यांचं आवार आखताना घाम फुटतो.

२०२१ सालच्या या दुसऱ्या भागात प्रत्येक डायनासोर आपला इलाका आपणच ठरवतो. मोकळी जमीन, झाडी, पाणी, उंच पाला हे सगळं त्या इलाक्यात किती आहे ते मोजलं जातं. काही कमी पडलं की इलाका पसरायला लागतो. कुंपण आडवं आलं की बिनसलं, आणि एवढं मोठं धूड बिनसलं की कुंपणाचं काही खरं नाही. नवखे खेळाडू हौसेने सगळीकडे झाडं लावत सुटतात, त्यात मोकळी जागाच उरत नाही. त्यापेक्षा पाल्याचे छोटे पुंजके आवारभर विखरून लावा आणि मधलं माळरान तसंच राहू द्या. कळपात एक जनावर वाढवलं की गरजेची जागाही वाढते, म्हणून आवार पहिल्यापासूनच ऐसपैस घ्या. पुढे इमारती पाडत बसणं फार महाग पडतं.

अंड्यांचा भाग मला सगळ्यात आवडतो. शास्त्रज्ञ अंड्यांची खेप तयार करतात, प्रत्येकाचे गुणदोष समोर दिसतात आणि कोणती उबवायची ते आपण ठरवायचं. भांडखोर निघालं तर सरळ बाजूला. शास्त्रज्ञांना मात्र वेळेवर सुट्टी द्या, राबवून घेतलं तर घातपात करायलाही कमी करत नाहीत!

नायजरसॉरसही आहे, पाचशेच्या वर दात असलेला, जमिनीलगत चरणारा. आपला आयसीसॉरस मात्र नाही, याची चुटपुट लागते. त्याचे अवशेष चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला सापडले, आणि नावातलं 'आयसी' (ISI) म्हणजे कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट. मान तुलनेने आखूड, पुढचे पाय लांब, पाठ तरसासारखी उतरती. असा प्राणी पार्कात काय उठून दिसला असता!

खरी उणीव वेगळीच आहे. इथे पिल्लं नाहीत. हॅचरीचं, म्हणजे अंडी उबवायच्या इमारतीचं, दार उघडलं की थेट पूर्ण वाढलेला ब्रॅकिओसॉरस बाहेर. मग 'पाळला' असं तरी कसं म्हणायचं? आपण त्याला वाढताना बघतच नाही, बघतो ते थेट म्हातारपण. वय झालं की तो मरतो, सूचना येते, आणि हेलिकॉप्टर बोलावून कलेवर उचलून न्यायचं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या तिसऱ्या भागात नर-मादी आणि पिल्लं आहेत. कळप वाढवण्यातच रस असेल तर थेट तो बघा. दुसरा भाग सेलमध्ये मिळाला तरच घ्या, पूर्ण किमतीला आता नको.