अबार्थ पुंटो की पोलो जीटी? माझ्या डाव्या पायाला विचारा

जुनी हवी, पेट्रोल हवी, टर्बो हवी आणि चालवताना मजा यायला हवी. एवढ्या चार अटी घेऊन बाजारात उतरलं की फिरून फिरून माणूस फियाटची अबार्थ पुंटो आणि फोक्सवॅगनची पोलो जीटी या दोनच गाड्यांपाशी येऊन थांबतो. तीन वर्षांपूर्वी मीही थांबलो होतो, आणि चांगला चार महिने थांबलो होतो. (मारुतीची बलेनो आरएस हा तिसरा पर्याय आहे, वाईट नाही. घेणार असाल तर ब्रेकच्या व्हॅक्यूम पंपासाठी २०२३ मध्ये रिकॉल निघाला होता (म्हणजे कंपनीने गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या होत्या), ते काम त्या गाडीवर झालंय का हे चेसिस नंबर देऊन विचारून घ्या. माझ्या मनात ती भरली नाही, विषय संपला.)

गंमत अशी की एकीचं नाव इटालियन, दुसरीचं जर्मन, पण दोघी बनल्या आपल्या पुणे जिल्ह्यात. पुंटो रांजणगावला, पोलो चाकणला. दोघी आता बंदही झाल्यात. पुंटो प्रदूषणाचे बीएस-६ नियम यायच्या आधीच गेली, पोलो २०२२ मध्ये. त्यामुळे रस्त्यावर आज ज्या आहेत तेवढ्याच, आणि त्यातल्या धड राहिलेल्या दरवर्षी कमी होत चालल्यात.

पोलो जीटी म्हणताना मी १.२ टीएसआय या टर्बो पेट्रोलबद्दल बोलतोय, सात गिअरच्या डीएसजीवाली (म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), २०१३ ते २०२० मधली. त्यानंतरच्या १.० टीएसआयचं इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा आणि मालकांचा भावही वेगळा.

आधी अबार्थ. ही गाडी पहिल्यांदा चालवाल तो दिवस तुमच्या लक्षात राहील. २००० आरपीएमच्या खाली ती अगदी सज्जन असते, शेजारच्या काकांची पुंटो वाटावी इतकी. सुई पुढे सरकली की मागून कुणीतरी ढकलल्यासारखी सुटते. १४५ बीएचपी ताकद आणि २१२ एनएम टॉर्क (म्हणजे ओढ) हे आकडे तुम्हाला पाठ असतील. आकड्यांत न सापडणारी गोष्ट म्हणजे तिचं स्टिअरिंग. ते हायड्रॉलिक आहे, पार्किंगमध्ये जड लागतं, पण वळणावर पुढचं चाक डांबरावर आहे की कडेच्या खडीवर हे हाताला कळतं. पोलोचं स्टिअरिंग चांगलं आहे, पण इतकं बोलत नाही. अबार्थच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत आणि त्यांचा भरवसा वाटतो. हे सगळं मी आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे मी जे सांगणार आहे ते फार क्षुल्लक वाटेल.

मला जी अबार्थ मिळत होती ती चुलतभावाच्या मित्राची. फर्स्ट ओनर, रनिंग एकतीस हजार, एकही मॉडिफिकेशन नाही. त्याने मोठ्या मनाने गाडी शनिवार-रविवार माझ्याकडे दिली. म्हणाला, "घरच्यांना दाखवून आण, मग बोलू." मी वारज्याहून बायकोला घेऊन साताऱ्याला, आईकडे निघालो. कात्रजचा बोगदा पार होईपर्यंत मनात सौदा झाला होता. गाडीचा फोटो स्टेटसला ठेवायचा तेवढा बाकी होता.

खेड शिवापूरचा टोलनाका मागे पडला आणि बायकोने विचारलं, "काय रे, पाय का असा आखडून बसलायस?"

मी खाली बघितलं. पाचव्या गिअरमध्ये ऐंशीने गाडी चाललेली, क्लचचं काही काम नाही, आणि माझ्या डाव्या पायाला जागाच नव्हती. या गाडीत डेड पेडल, म्हणजे डावा पाय टेकवायची पट्टी, नाही. क्लचचं पेडल आणि मधल्या कन्सोलची भिंत यांच्यामध्ये बोटभर फट आहे, तिच्यात माझा दहा नंबरचा बूट मावत नाही. मग पाय ठेवायचा कुठे? मागे घेतला तर गुडघा वर येऊन स्टिअरिंगखाली अडतो. सरळ सोडला तर क्लचवर टेकतो, आणि क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणाऱ्याला आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी काय काय ऐकवलं होतं ते अजून आठवतं. शेवटी उरतो तो एकच प्रकार, बुटाचं टोक क्लचच्या खाली सरकवून ठेवायचं. मी नकळत तेच करत आलो होतो.

खंबाटकी चढताना पुढच्या ट्रकने मधेच लेन बदलली. ब्रेक दाबला, तिसरा टाकायला डावा पाय उचलला, तर बुटाचं टोक पेडलखाली अडकलेलं. अर्धा सेकंद असेल. काहीही झालं नाही, बायकोला तर कळलंसुद्धा नाही. साताऱ्यात उतरलो तेव्हा पोटरीत गोळा आला होता आणि आई विचारत होती, लंगडतोस का. परत येताना बूट काढून अनवाणी चालवून पाहिली. थोडा फरक पडला, पण गाडी घ्यायची आणि जन्मभर चपला मागच्या सीटवर ठेवायच्या, हे काही पटेना.

मालकाला सांगितलं तर तो मनापासून चकित झाला. त्याला सात वर्षांत असं कधी वाटलंच नव्हतं. एका गॅरेजवाल्याने पट्टी ठोकून पेडल बसवून देतो म्हणून सांगितलं, आणि असं करून घेणारे आहेतही. पण मुळात जागाच नसेल तर पट्टी बसणार कुठे? म्हणून याला मी गाडीचा दोष म्हणत नाही, माझ्या पायाचा म्हणा हवं तर. तुमचा बूट आठ नंबरपर्यंतचा असेल तर मागचं सगळं रडगाणं सोडून द्या आणि अबार्थ बघायला खुशाल जा. फक्त दहा मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हवर विसंबू नका, कारण दहा मिनिटांत पाय बोलत नाही.

आता पोलो. तिच्यात क्लचचं पेडलच नाही, म्हणजे डाव्या पायाचा प्रश्न जन्मालाच येत नाही. शेवटी मी तीच घेतली आणि तीन वर्षं तिच्यातून वारजे ते हिंजवडी रोज करतोय, चांदणी चौक आणि वाकडचा पूल धरून. अबार्थच्या जड क्लचने हेच केलं असतं तर गुडघ्याच्या डॉक्टरकडे खातं उघडावं लागलं असतं. पोलोचा टॉर्क १५०० आरपीएमलाच हाताशी येतो, त्यामुळे गावात ती चपळ वाटते. शंभरच्या वेगाला कंपनीच्या आकड्यांनुसार दोघींत सेकंदभराचा फरक आहे, अबार्थ ८.८ आणि पोलो ९.७. पुणे-सातारा रस्त्यावर तो सेकंद मला अजून कुठे कामाला आलेला नाही. पसरणी घाटात पावसाळ्यात ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा दोनदा लुकलुकून गेला, त्याचे मात्र मी मनोमन आभार मानले.

मागची सीट लहान आहे. आई बसते, बोलत नाही, पण उतरताना दाराला धरून एक क्षण उभी राहते त्यातून कळतं. पुंटोत तिला बरं वाटलं होतं. ॲव्हरेजचं दोघींबद्दलही विचारू नका.

डीएसजीची भीती सगळ्यांना असते, आणि ती अगदीच खोटी नाही. हा ड्राय क्लचचा बॉक्स आहे, त्याला रांगणं आवडत नाही. मेकॅट्रॉनिक (या बॉक्सचे क्लच आणि गिअर हलवणारं युनिट) गेलं तर बिल लाखांत येतं. मी एक सवय लावून घेतलीय: ट्रॅफिकमध्ये पुढच्या गाडीच्या मागे इंच-इंच सरकायचं नाही. गाडीभर जागा होऊ द्यायची, मग ब्रेक पूर्ण सोडायचा. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. माझ्या बॉक्सने अजून तक्रार केलेली नाही. एका गाडीच्या अनुभवावरून सगळ्यांची खात्री मी देऊ शकत नाही, हे उघड आहे.

घेताना काय बघायचं, तर पोलो रात्रभर उभी असलेली, थंड इंजिनची मागा. डी-आर-डी (पुढे-रिव्हर्स-पुढे) असं चार-पाच वेळा करून धक्का बसतो का बघा. बिल्डिंगच्या रॅम्पवर अगदी हळू चढवा, गिअरची अक्षरं लुकलुकली तर तिथूनच परत फिरा. स्कॅनर लावून बिघाडाचे जुने कोड वाचून घ्या, आणि मालक त्याला नको म्हणाला तर उत्तर मिळालंच. आरसीवर सीसी बघायला विसरू नका. १.२ टीएसआय ११९७ सीसीची आहे, आणि साधी तीन सिलिंडरची १.२ आहे ११९८ ची. एका सीसीच्या फरकात, मागे जीटीचा बिल्ला चिकटवून, पुष्कळ काही खपवलं जातं.

अबार्थच्या आरसीवर १३६८ सीसी, पेट्रोल असं दिसलं पाहिजे. विंचवाचे (तो अबार्थचा बिल्ला) स्टिकर लावलेल्या डिझेल पुंटो मी स्वतः दोन पाहिल्यात. ही गाडी रॅम्पवर चढवून खालून बघाच, कारण ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर आणि आपले स्पीडब्रेकर हे तुम्हाला माहीत आहेत. रीमॅप केलेली (ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेली) असेल तर मी तरी टाळेन. आधीच्या मालकाने मजा केली आणि क्लच-टर्बोचं बिल तुम्ही भरताय, असं होतं. सर्व्हिसचे नेहमीचे पार्ट मिळतात, पण खास अबार्थचा पुढचा बंपर फुटला तर आठवडे शोधण्याची तयारी ठेवा. पोलोसाठी मला अजून तरी दोन दिवसांपेक्षा जास्त थांबावं लागलेलं नाही. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसलीय का तेही बघा. शिवाय दोघीही ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलच्या आधीच्या काळातल्या आहेत, तेव्हा रबरी पाइप एकदा मिस्त्रीला दाखवलेले बरे.

तेव्हा घरात दुसरी गाडी असेल, आठवड्यातून एकदाच घाट गाठायचा असेल आणि पाय लहान असेल, तर अबार्थसारखं सुख नाही. रोजची एकच गाडी असणार असेल तर पोलो बघा. मी पावणेपाच लाखांत घेतली, भाव आता थोडे इकडेतिकडे झाले असतील.

परवा वाकडच्या पंपावर तीच अबार्थ दिसली, नंबरवरून ओळखली. चकाचक ठेवलेली. दार उघडून एक पोरगा खाली उतरला आणि मी आधी त्याच्या पायांकडे पाहिलं. सात नंबर असेल फार तर.