राग आणि लयीची जाण मोजायची कशी : प्रोब-टोन, टॅपिंग की ईईजी?

संगीताच्या मानसशास्त्रात प्रबंध करणाऱ्याचा विषय सहसा लवकर ठरतो: श्रोत्याला राग कसा कळतो, लय अंगात कशी भिनते. गाडी अडते ती पुढे. नेमकं मोजायचं काय आणि कशाने? मग ज्या विभागात ईईजीचं (डोक्यावरच्या इलेक्ट्रोडने मेंदूची विद्युत हालचाल टिपणारं) यंत्र आहे तिथे ईईजी होतो आणि जिथे नाही तिथे प्रश्नावली वाटली जाते. हा क्रम उलटा आहे. खाली तीन पद्धती शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या प्रश्नांची आहेत, आणि हिंदुस्थानी संगीतावर वापरताना प्रत्येकीची खोड वेगळी आहे.

प्रोब-टोन : ऐकणाऱ्याच्या मनातली स्वरांची उतरंड

१९७९ मध्ये कॅरल क्रुमहान्सल आणि रॉजर शेपर्ड यांनी ही पद्धत मांडली. आधी एक सुरावट ऐकवायची, मग एकच सूर वाजवायचा आणि तो आधीच्या सुरावटीत किती बसतो, हे १ ते ७ च्या पट्टीवर विचारायचं. सप्तकातले बाराही सूर असे एकेक करून तपासले की त्या श्रोत्याच्या मनातल्या स्वरांच्या उतरंडीचा आलेख हातात येतो. १९८२ च्या क्रुमहान्सल आणि केसलर यांच्या अभ्यासात पाश्चात्त्य मेजर स्केलच्या षड्जाला ६.३५, पंचमाला ५.१९, गंधाराला ४.३८ असे सरासरी गुण पडले आणि स्केलबाहेरचे सूर अडीचच्या आसपास किंवा खाली राहिले.

आपल्या दृष्टीने खरा महत्त्वाचा अभ्यास १९८४ चा, कॅस्टेलानो, भरूचा आणि क्रुमहान्सल यांचा. त्यांनी उत्तर हिंदुस्थानी १० राग घेऊन भारतीय आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही श्रोत्यांना हीच चाचणी दिली. सा आणि प यांना दोन्ही गटांनी सर्वांत जास्त गुण दिले, वादी, म्हणजे रागाचा मुख्य स्वरही वर राहिला. सुरावटीत जो सूर जास्त वेळ वाजला त्याला जास्त गुण, हा कलही दोन्ही गटांत दिसला. फरक थाटाच्या (राग ज्या सात सुरांच्या चौकटीत बसवतात तिच्या) पातळीवर पडला: रागामागच्या थाटाची जाण फक्त भारतीय श्रोत्यांच्या गुणांतून उमटली. ज्याने राग कधीच ऐकला नाही तोसुद्धा कालावधीच्या आधारावर बरंच काही बरोबर सांगू शकतो, असा याचा अर्थ. या पद्धतीने काम करणाऱ्याचा घात बहुधा इथेच होतो.

भूप आणि देशकार हेच उदाहरण घ्या. स्वर तेच पाच: सा रे ग प ध. भूपाचा वादी गंधार, देशकाराचा धैवत. १२ सेकंदांच्या आलापात तुम्ही भूपात गंधारावर ४ सेकंद थांबलात, देशकारात धैवतावर ४ सेकंद थांबलात आणि श्रोत्यांनी अनुक्रमे ग आणि ध यांना जास्त गुण दिले, तर त्यातून काय सिद्ध झालं? जो सूर जास्त ऐकला तो लक्षात राहिला, एवढंच. राग ओळखला गेला असं त्यातून म्हणता येत नाही. म्हणून तिसरा आणि चौथा तुकडा लागतो: तेच सूर, तेच कालावधी, पण क्रम विस्कटलेला, म्हणजे चलन (रागाची सूर लावण्याची चाल) मोडलेलं. मूळ आणि विस्कटलेल्या तुकड्यांचे गुण वेगळे आले तरच चलनाचा परिणाम सापडला. विस्कटतानाही सावध राहावं लागतं. भूपाचे सूर यादृच्छिक क्रमाने लावले की मध्येच देशकाराचा ‘प ध, ग प ध प’ असा तुकडा नकळत तयार होतो. जाणत्या गायकाला ते तुकडे आधी ऐकवून घ्यावेत.

आता वेळेचा हिशेब. १२ सूर, ४ तुकडे, प्रत्येकाच्या ३ फेऱ्या, म्हणजे १४४ फेऱ्या. एका फेरीला १२ सेकंद आलाप, १ सेकंद शांतता, १ सेकंद सूर आणि ४ सेकंद उत्तराला धरले तर ४३ मिनिटं होतात. विसाव्या मिनिटानंतर लोक पट्टीवर ४ दाबून मोकळे होऊ लागतात. त्यापेक्षा रागातले ५ सूर आणि बाहेरचे ३ (शुद्ध म, तीव्र म, शुद्ध नी) असे ८ घेतले तर ९६ फेऱ्या होतात आणि सुमारे २९ मिनिटांत, मध्ये एक विश्रांती देऊन, काम उरकतं. पूर्ण बारा सुरांचा आलेख हातचा जातो, पण विचारलेल्या प्रश्नाला आठ पुरतात.

तंबोरा चालू ठेवायचा की प्रोब-टोनच्या आधी थांबवायचा, हा निर्णयही क्षुल्लक नाही. चालू ठेवला आणि चाचणीचा सूर की-बोर्डातून घेतला तर गंधाराशी भांडण होतं. मध्य षड्ज २४० हर्ट्झ धरा. खर्जाची तार १२० हर्ट्झची, तिचा पाचवा अंशस्वर (मूळ कंपनसंख्येच्या पाचपट) ६००. तंबोऱ्यात जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो हाच. की-बोर्डाचा गंधार ३०२.४ हर्ट्झ, त्याचा दुसरा अंशस्वर ६०४.८. या दोघांमध्ये सेकंदाला जवळपास पाच स्पंद पडतात आणि सूर थरथरतो. ज्याचा कान तयार आहे तो त्याला कमी गुण देतो आणि तुमच्या आलेखात भूपाचा वादीच खाली घसरतो! सूर ३०० हर्ट्झचा घ्या, म्हणजे प्रश्नच मिटला. शेपर्ड यांनी रूढ केलेले सप्तकविरहित (कोणत्या सप्तकातले हे न कळणारे) सूर वापरले तर मंद्र-मध्य-तार हा गोंधळ टळतो, आणि देशकार उत्तरांगप्रधान (सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात रमणारा) असल्यामुळे तो टाळणं गरजेचंही आहे. मात्र हे सूर ऑर्गनसारखे पोकळ वाटतात, गळ्याच्या आलापानंतर ते उपरे लागतात. आलापही त्याच जातीच्या आवाजात तयार केला तर हा खटका कमी होतो.

मराठीतून सूचना देताना शब्द जपून निवडा. ‘हा सूर इथे किती बसतो?’ आणि ‘इथे थांबलं तर चालेल का?’ या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी येतात, कारण दुसरा प्रश्न न्यासाचा, म्हणजे विसाव्याच्या सुराचा आहे. भूपात रिषभ छान बसतो, पण त्यावर आलाप संपवावा असं फारसं कुणाला वाटणार नाही. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण एका प्रयोगात एकच ठेवा. रागाचं नाव सांगू नका. नाव कळलं की विशारद झालेला विद्यार्थी ‘म, नी वर्ज्य’ आठवून डोळे झाकून १ दाबतो. ते पाठांतराचं मोजमाप झालं.

विश्लेषण सोपं आहे. कुणी २ ते ५ मध्येच खेळतो, कुणी १ आणि ७ शिवाय बोलत नाही, म्हणून प्रत्येकाचे गुण त्याच्या स्वतःच्या सरासरीने आणि प्रमाण विचलनाने समपातळीवर आणा. एकाच सुराला तीन फेऱ्यांत दिलेले गुण एकमेकांशी जुळतच नसतील तर त्या व्यक्तीला वगळा, पण वगळण्याचा निकष डेटा पाहण्याआधी लिहून ठेवा.

टॅपिंग : लयीसाठी, आणि स्वस्त

प्रश्न लयीचा असेल तर बोटाने मात्रा धरायला लावणं ही सर्वांत जुनी आणि भक्कम पद्धत. मेट्रोनोमबरोबर बोट आपटताना बहुतेकांचा ठोका आवाजाच्या किंचित आधी पडतो. हे अंतर साधारण २० ते ८० मिलिसेकंदांचं असतं आणि वादकांमध्ये कमी असतं. १९७३ मध्ये विंग आणि क्रिस्टोफरसन यांनी यातून पुढची पायरी गाठली: मेट्रोनोम बंद करून त्याच लयीत ठोके चालू ठेवायला लावले, तर डोक्यातल्या घड्याळाची चूक आणि हाताची चूक वेगळी काढता येते. लागोपाठच्या दोन अंतरांचं सहविचरण (कोव्हेरिअन्स) ऋण येतं. त्याचं चिन्ह उलटं केलं की हाताचं विचरण (व्हेरिअन्स) मिळतं, आणि एकूण विचरणातून त्याची दुप्पट वजा केली की उरतं ते घड्याळाचं.

बहुतेकांचं चुकतं ते उपकरणात. संगणकाचा की-बोर्ड आणि साउंड कार्ड मिळून काही मिलिसेकंदांपासून कित्येक दहा मिलिसेकंदांपर्यंत उशीर लावतात आणि तो दर वेळी सारखाही नसतो. म्हणजे जेवढं मोजायचं तेवढीच चूक. ब्लूटूथ हेडफोन तर दूरच ठेवा. उपाय अगदी साधा आहे. दोन चॅनेलचा रेकॉर्डर घ्या. श्रोत्याला जाणारा आवाज तारेने दुभागून एका चॅनेलवर घ्या, लाकडी फळीखाली चिकटवलेला काँटॅक्ट माइक दुसऱ्यावर. दोन्ही एकाच फायलीत उतरले की उशिराचा प्रश्नच उरत नाही, कारण अंतर त्या फायलीतच मोजायचं असतं. प्रत्येक फेरीचे पहिले ८ ठोके सोडून द्या, पुढचे ६० घ्या.

हिंदुस्थानी तालावर ही पद्धत लावताना अतिविलंबित एकतालाशी गाठ पडते. मिनिटाला १२ मात्रा, म्हणजे एक मात्रा ५ सेकंदांची आणि आवर्तन मिनिटभराचं. दोन ठोक्यांमधलं अंतर साधारण १.८ सेकंदांच्या वर गेलं की माणूस पुढचा ठोका आधी ओळखून धरू शकत नाही, आवाज आल्यावर हात हलवतो. मग गायक समेवर येतो कसा? तबलजी मात्रेच्या आत जे भरतो त्याच्या आधाराने. मात्रेचे चार भाग केले की १.२५ सेकंद होतात आणि ते मर्यादेत बसतात. तेव्हा श्रोत्याला ‘मात्रा धरा’ असं बजावण्याऐवजी ‘जिथे सहज वाटेल तिथे धरा’ म्हणा आणि तो कोणती पातळी निवडतो तेच निष्कर्ष म्हणून मोजा. ‘ताल द्या’ हे शब्द टाळा. मराठी माणूस ते ऐकून टाळी-खाली दाखवू लागतो.

बोलांचाही फरक पडतो. ‘ना’चा प्रारंभ टोकदार, डग्ग्याच्या ‘गे’चा गोल. कान दोघांचा क्षण सारखा धरत नाही. तुलना करायची तर एकाच बोलावरचे ठोके एकमेकांशी लावा.

ईईजी : कधी घडलं, हे विचारायचं असेल तरच

इथे प्रश्न वेगळा आहे. श्रोत्याने उत्तर देण्याआधी, लक्ष दिलेलं नसतानाही, मेंदूने चुकीचा सूर पकडला का आणि किती वेळात? २००० मध्ये केल्श आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की संगीत न शिकलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांच्या मेंदूतही अनपेक्षित कॉर्डला (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गुच्छाला) साधारण १५० ते २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद उमटतो. त्यावर आक्षेप असा की तो कॉर्ड कानाला नवाही असतो, मग प्रतिसाद नियमभंगाचा की नवेपणाचा? आपल्याकडे यावर सुंदर तोडगा आहे. भूपात मध्यम वर्ज्य, दुर्गात गंधार वर्ज्य, बाकी चार सूर तेच. भूपात घुसवलेला मध्यम दुर्गातल्या रास्त मध्यमाशी ताडून पाहा, आणि गंधाराचं उलट. सूर तोच, फक्त त्याचं स्थान बदललं. कानाला वाटणारा नवेपणा मात्र यानेही पूर्ण जात नाही, म्हणून घुसवलेला सूर दोन्ही रागांत सारख्याच वेळा येईल असं बघा.

अडचणी मात्र भरपूर. मेंदूचा प्रतिसाद काही मायक्रोव्होल्टचा, पापणी लवली की १०० च्या आसपास. गोंगाट निम्मा करायचा तर फेऱ्या चौपट लागतात. प्रत्येक प्रकाराच्या ६० फेऱ्या, दोन राग, बरोबर आणि चूक, म्हणजे ६ सेकंदांचे २४० तुकडे, २४ मिनिटं. त्याआधी टोपी आणि जेल लावण्यात पाऊण तास जातो. डोक्याला तेल असेल तर इलेक्ट्रोडचा रोध खाली येत नाही, म्हणून आदल्या दिवशीच ‘शाम्पू करून या, तेल लावू नका’ असा निरोप धाडा. सगळ्यांत मोठी अडचण मींडेची, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची. सरासरी काढायला सुराचा नेमका आरंभक्षण लागतो आणि मींडेत तो नसतो. मग संतूर किंवा हार्मोनियमसारखं तुटक सुरांचं वाद्य घ्यावं लागतं, आणि जे ऐकून राग राग वाटतो त्यातलंच बरंचसं प्रयोगाबाहेर राहतं. मान हलवायची नाही, दाद द्यायची नाही, ही अटही ऐकण्याची रीतच बदलते.

कुणी काय घ्यावं

स्वरांचं नातं, थाट, वादी-न्यास, तालमीचा परिणाम, यांपैकी काही विचारत असाल तर प्रोब-टोन घ्या, विस्कटलेल्या तुकड्यांसह. सहा महिन्यांचा पदव्युत्तर प्रकल्प यात नीट पूर्ण होतो, सायकोपाय हे मोफत सॉफ्टवेअर आणि तारेचे हेडफोन पुरतात. लय, सम, पातळी यांबद्दल विचारत असाल तर टॅपिंग. ईईजी पहिल्या प्रकल्पाला घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. आधी तेच तुकडे प्रोब-टोनने तपासा. गुणांमध्ये फरक दिसला तर मग टोपी चढवा.

श्रोते निवडताना परदेशी प्रबंधांची ‘शिकलेले आणि न शिकलेले’ ही विभागणी जशीच्या तशी उचलू नका. महाराष्ट्रातला न शिकलेला श्रोता अभंग, नाट्यपदं, भावगीतं ऐकत वाढलेला असतो. भूपाचं नाव त्याला ठाऊक नसेल, चलन कानात असतं. परीक्षेच्या प्रमाणपत्रापेक्षा काय ऐकलं, किती वर्षं, घरी कोण गात होतं, हे विचारा. टॅपिंगसाठी तर भजनी मंडळातले टाळकरी बोलवा. एकही परीक्षा न देता वर्षानुवर्षं भजनी ठेक्यावर टाळ वाजवणारा हात आणि तबल्याचा विशारद हात यांच्या घड्याळाच्या आणि हाताच्या विचरणाची तुलना हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. आणि प्रोब-टोन झाल्यावर, शेवटी, प्रत्येकाला विचारा: ‘ऐकताना एखादं गाणं आठवलं का?’ गाण्याचं नाव लिहून घ्या. ज्यांना आठवलं आणि ज्यांना नाही, त्यांचे आलेख वेगळे काढा.