पंढरपुरी म्हैस घेताय? इसार द्यायच्या आधी हे वाचा

दारात दोन-चार जनावरं आहेत आणि एका म्हशीवर घरचं वर्षाचं गणित बसतं अशा लोकांसाठी लिहितेय, मोठ्या गोठेवाल्यांना हे सगळं माहीत असतं. आम्ही करवीर तालुक्यातले. थोडा ऊस आहे, गोठ्यात दोन म्हशी आणि एक रेडी. तिसरी घ्यायची तर पंढरपुरीच घ्यायची हे मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, आधीपासूनच ठरलेलं. मुऱ्हा दूध जास्त देते हे खरंय पण तिला खुराकपण तसाच लागतो, पंढरपुरी कडब्यावर, उसाच्या वाड्यावर भागवते, ऊन सोसते, गाभणपण वेळेवर जाते. आणि ही आपल्या सोलापूर-सांगली-कोल्हापूरकडची जात आहे हो, खांद्याच्याही मागं गेलेली लांब शिंगं, बघूनच ओळखते. कोल्हापुरात गंगावेशीत कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध देतात तिथं हीच म्हैस असते, कारण ही थोडं थोडं करून परत परत पिळली तरी पान्हा सोडते, दुसऱ्या म्हशी असं सहसा करू देत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

व्हॉट्सअॅपच्या जनावर खरेदी-विक्री ग्रुपवर एक व्हिडिओ आला. दुसरं वेत म्हणजे दुसऱ्यांदा व्यालेली, तीपण ताजी, खाली रेडी, दोन्ही टायमाचं मिळून १४ लिटर, किंमत १ लाख ४०. फोन केला तर माणूस बोलायला एकदम गोड. म्हणाला बाजारात कशाला येताय, तिथं दलाली जाते, थेट गोठ्यावर या, सकाळी लवकर या म्हणजे समोर धार काढून दाखवतो. आता समोर धार काढून दाखवतो म्हटल्यावर कुणाचाही विश्वास बसणार ना?

मामा, आमचे हे आणि मी, तिघं गेलो. म्हैस उभी होती, कास टम्म फुगलेली, सड चारी बाजूला फाकलेले आणि दोन सडातनं दूध आपोआप ठिपकत होतं. त्यानं बसून पिळली, बादलीत ८ लिटरच्या आसपास आलं, वर बोटभर फेस. मामांनी दात बघायला तोंड उघडायला लावलं तर त्यानं क्षणभर ओठ वर केला आणि म्हैस मान हिसडायला लागली तसं लगेच सोडलं, बघा जुळलेली हाय मामा म्हणाला, म्हणजे सगळे दात आलेली. शिंगं तेल लावून चकचकीत. कानात सरकारी नोंदणीचा पिवळा टॅग. मग घाई सुरू, सांगोल्याचं गिऱ्हाईक दुपारी येतंय, ते १ लाख ४० ला तयार हाय, पण वैनींना म्हस आवडलीय म्हणून तुमच्यासाठी थांबलोय. बोटांनी भाव करायला मामांचा आणि त्याचा टॉवेलखाली हात गेला, १ लाख ३० ला सौदा ठरला. ९० हजार फोनवरनं पाठवले, बाकी रोख. गाडीपण त्यानंच करून दिली.

संध्याकाळी घरी धार काढायला बसले तर दोन लिटरपण धड नाही. फोन केला तर म्हणतो वैनी, जागा बदलली की म्हस दूध चोरती, चार दिवस जाऊ द्या. आता हे खोटं नाही, नवीन जागी म्हैस आटते आणि परत येते हे कुणीपण सांगेल. ह्याचाच तर फायदा घेतात हे लोक, खरी गोष्ट सांगून आपल्याला थांबवून ठेवायचं म्हणजे तोवर पैसे पचतात.

सगळ्यात आधी आत्यांच्या म्हणजे सासूबाईंच्या लक्षात आलं. रेडी सडाला लागली की म्हैस वास घ्यायची आणि मागच्या पायानं बाजूला सारायची, एकदा नाही, दर धारेला. आत्या म्हणाल्या, "अगं ही रेडी हिची न्हवंच." आयुष्यभर गोठ्यात काढलेल्या बाईचं ते बोलणं मी लगेच ह्यांच्या कानावर घातलं आणि डॉक्टर बोलावले.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते सगळ्यांनी नीट वाचा. मानेवर सुया टोचून टोचून बारीक गाठी आलेल्या. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन रोज देऊन धार काढायची सवय लावलेली, ते मिळालं नाही की ती पान्हाच सोडत नाही, आणि ही म्हणे पंढरपुरी. चारी सडांचं दूध वेगवेगळ्या खणात घेऊन सीएमटीचं, म्हणजे कासेचा आजार तपासायचं औषध टाकलं तर दोन खणांतलं दूध जेलीसारखं घट्ट झालं, म्हणजे आतल्या आत कासदाह. ताजी व्यालेली तर नव्हतीच, व्यायलेल्याला कित्येक महिने झालेले. दात झिजलेले, वय सांगणाऱ्या शिंगाच्या वळ्या कानशीनं घासून वर तेल चोळलेलं, डॉक्टरांच्या मते निदान पाचव्या-सहाव्या वेताची. आणि आम्ही बघितलेलं ते ८ लिटर? आदल्या संध्याकाळची धार काढलीच नव्हती. दोन वेळचं तुंबवलेलं दूध एका वेळेचं म्हणून दाखवलं, वरनं फेस.

टॅगचं तर ऐकून मला घाम फुटला. त्या १२ आकडी नंबरवर सरकारी ॲपमधे नोंद निघाली ती एका संकरित गाईची! कान जवळून बघितला तर एक जुनं भोक फाटून भरलेलं आणि शेजारी दुसरं, त्याच्याभोवती अजून खपली. १ जून २०२४ पासून आपल्याकडं टॅगशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही, मग व्यापारी काय करतात, कुठलातरी टॅग आणून ठोकतात आणि आपण पिवळं काहीतरी दिसलं की समाधान मानतो. टॅग दिसणं आणि टॅगची नोंद जुळणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इसाराच्या आधी टॅगचा फोटो काढा, गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नंबर टाकून घ्या, जात, वय, वेत, मालकाचं नाव सगळं निघतं. तो नंबर द्यायला जो माणूस कुरकुर करेल त्याचा नंबर ब्लॉक करा.

धारेचं म्हणाल तर एक धार बघून अजिबात ठरवू नका. संध्याकाळी जा, कास पूर्ण रिकामी करून घ्या, ते दूध मोजूच नका, तिथंच मुक्काम करा आणि मग सकाळ-संध्याकाळ दोन धारा बघा. लिटरवर नको, फेस बसल्यावर काट्यावर मोजा. पहिल्या चार पिळ्या काळ्या फरशीवर मारून बघा, गुठळ्या लगेच दिसतात. रेडकाला म्हैस चाटते का ते बघा. आपला डॉक्टर सोबत न्या, त्यांची फी एक लाखापुढं काहीच नाही. शक्यतो बाजार समितीच्या बाजारात घ्या, तिथं पावती होते, गोठ्यावरच्या सौद्याला कागदच नसतो आणि पुढं सगळं तिथंच अडतं.

आम्ही गावातली चार माणसं घेऊन परत गेलो, आधी ओळखच दाखवेना, मग डॉक्टरांचं पत्र दाखवल्यावर ४० हजार परत दिले आणि उरलेल्यासाठी म्हैस परत आणा म्हणाला, नेली तर तीच म्हैस तो दुसऱ्या कुणाच्यातरी गळ्यात बांधणार म्हणून आत्यांनी नेऊ दिली नाही. आम्ही पोलिसात फसवणुकीचा अर्ज दिलाय, सोबत पेमेंटचे स्क्रीनशॉट, चॅट, व्हिडिओ, टॅगचा फोटो आणि डॉक्टरांचा दाखला जोडलाय. रोख दिलेल्या पैशाचा पुरावा मागतात तेव्हा पंचाईत होते, म्हणून सगळे पैसे बँकेतनंच द्या. आणि ज्यांनी म्हैस न बघताच ऑनलाइन इसार पाठवलाय आणि पुढचा फोन बंद झालाय त्यांनी वेळ न घालवता आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडकवून ठेवायची शक्यता जास्त.

अर्ज दिल्यावर शेजारच्या तालुक्यातली दोन घरं आम्हाला भेटली, गोष्ट सेम, रेडी दुसऱ्याची, टॅग दुसऱ्याचा. अजून कुणी असेल तर लाजू नका, चॅट डिलीट करू नका, तुमच्या ठाण्यात अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या, कारण एकट्या अर्जाला तो "व्यवहारातला वाद" म्हणतोय आणि तीन-चार अर्ज एकाच माणसाविरुद्ध झाले की त्याला तसं म्हणता येणार नाही.