कुंडीसाठी शेणखत की गांडूळखत?

मुंबईत नर्सरीतून आणलेली लाल माती दोन पावसाळ्यांत विटेसारखी घट्ट होते. पाणी घातलं की वरच साचतं, नाहीतर कडेच्या फटीतून थेट ताटलीत उतरतं. अशी माती मोकळी करायला माझी पहिली पसंती शेणखताला. त्यातला अर्धवट कुजलेला काडीकचरा मातीत हवा खेळती ठेवतो. आरे, गोरेगावकडच्या तबेल्यांमुळे शेण मिळतंही, पण ताजं कधीच घालू नका! कुजताना ते तापतं, मुळं करपतात आणि हुमणीची अंडी घरात येतात. मागे घाईने आणलेल्या खतातून मोगऱ्याच्या कुंडीत पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या निघाल्या. मुळं कुरतडून झाड गेलं, फार वाईट वाटलं. खत काळं, भुसभुशीत हवं आणि हातात घेतल्यावर मातीचा वास यायला हवा.

गांडूळखत महाग, पण बाल्कनीत वापरायला सोयीचं. वास नाही, माश्या नाहीत. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, तर चांगल्या गांडूळखतात दीड टक्क्यापर्यंत असतं. त्यामुळे दहा इंची कुंडीला महिन्याला दोन मुठी पुरतात. मात्र ते बारीक असतं. निव्वळ तेच भरलं तर जुलैच्या पावसात चिखल होतो.

म्हणून मी मे महिन्यात कुंड्या भरताना एक तृतीयांश शेणखत मिसळते. पावसाने अन्नद्रव्यं धुऊन नेली की गणपतीनंतर गांडूळखत सुरू करते. तुळशीला मात्र वर्षभर गांडूळखतच.