हायब्रिड बॅटरी ‘गेली’ सांगून माझ्याकडून उकळलेले ३८,००० रुपये

डिसेंबरात आम्ही नागपूरहून गाडीनं मनालीला गेलो आणि अटल बोगद्यापलीकडे सिस्सूला मुक्काम केला. रात्री पारा शून्याच्या बराच खाली. सकाळी आमची हायब्रिड गाडी (पेट्रोल इंजिन आणि मोठ्या बॅटरीवरची विद्युत मोटर, दोन्हींवर चालणारी) कशीबशी चालू झाली, इशाऱ्याचा दिवा पेटला आणि चढावर तिच्यात जीवच उरला नाही. मनालीत उतरल्यावर सगळं पूर्ववत.

परतल्यावर खात्री करून घ्यावी म्हणून वाडीकडच्या एका खासगी गॅरेजात गाडी दाखवली. स्कॅनर लावून तिथला माणूस म्हणाला, “भाऊ, मोठी बॅटरी गेली. नवीन घ्याल तर लाखांत जाल. मी सेल खोलून बॅलन्सिंग करून देतो.” म्हणजे आतले सगळे सेल सारख्या चार्जवर आणणं. संध्याकाळी ३८,००० रुपये मोजले.

काही दिवसांनी ऐन थंडीत गाडी पुन्हा अडली. या वेळी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. मेकॅनिकनं मागचं सीट काढून मला बोलावलं. बॅटरीच्या कव्हरच्या बोल्टांवर कारखान्यातली रंगाची रेघ जशीच्या तशी. हवेच्या जाळीत धूळ, केस आणि आमच्याच प्रवासातल्या चिवड्याचे दाणे! कव्हर कुणी उघडलंच नव्हतं. दोष १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीत होता. टर्मिनलवर हिरवट थर, लोड टेस्टला, म्हणजे भार टाकून तपासल्यावर, व्होल्टेज धाडकन खाली. गाडीचे कॉम्प्युटर हीच बॅटरी जागे करते, मग मोठी बॅटरी जोडली जाते. छोटी बदलली, काम झालं.

चढावरचा अशक्तपणा तर बिघाडच नव्हता. कडाक्याच्या थंडीत मोठी बॅटरी मुळातच कमी ताकद देते, सगळा भार इंजिनावर येतो. त्यात सिस्सू दहा हजार फुटांवर, विरळ हवेत पेट्रोल इंजिनाचाही दम पाव हिश्शाहून जास्त घटतो.

चीड याची येते की त्या गॅरेजवाल्याच्याच बिलावर स्कॅनरनं दाखवलेला बिघाडाचा कोड होता पी०५६०. तो गाडीच्या साध्या विद्युतपुरवठ्याचा. हायब्रिड बॅटरी बदलायला सांगणारा कोड पी०ए८० असतो. म्हणजे त्याला कळलं होतं. म्हणून कोडचा प्रिंट मागा, स्वतः समोर उभं राहून सीट उघडायला लावा आणि आधी वॉरंटीचं पुस्तक काढा: बऱ्याच कंपन्या या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात.

गॅरेजवाला आता फोन उचलत नाही. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. बोल्टांचे फोटो आणि बिल जोडून जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी सुरू आहे. नागपुरात आणखी कुणाला असं ‘बॅलन्सिंग’चं बिल मिळालं असेल, तर तेही जपून ठेवा.